चित्राचा वैरी

आमच्या प्रयोगशाळेत एक पद्धत आहे. कोणाला काही नवीन सापडलं की ते जगाला सांगण्याआधी मोठे सर त्यावर एक वैरी नेमतात. शब्द त्यांचाच. तपासनीस, परीक्षक असले गुळगुळीत शब्द त्यांना चालत नाहीत. परीक्षक मार्क देतो आणि वैरी जीव घेतो, असं म्हणून ते वर हसतात. वैऱ्याला त्या यंत्राच्या खोलीची किल्ली मिळते. ज्याचा शोध असतो त्याला आम्ही मालक म्हणतो. मालकाने एकदा यंत्र कसं चालवायचं ते तोंडी सांगायचं, किल्ली हातात द्यायची, आणि मग त्या खोलीकडे फिरकायचंही नाही. वैऱ्याने हवा तेवढा वेळ घ्यायचा, तो शोध पाडण्यासाठी जिवाचं रान करायचं, आणि शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून एकच शब्द सांगायचा: टिकलं किंवा पडलं. पडलं असेल तर सर आणखी एक प्रश्न विचारतात. मालकाला माहीत होतं का? चूक झाली असेल तर ते माफ करतात, एखादं कंत्राट वाढवूनही देतात. माहीत असून पुढे रेटलेलं मात्र माफ नसतं.

मी आजवर बरीच प्रकरणं पाडली आहेत. मला पाठीमागे कात्री म्हणतात, आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. उगाच खोटं कशाला बोलू, बरंच वाटतं. ज्याच्यावर मी वैरी म्हणून बसते तो माणूस चहाच्या वेळी माझ्या टेबलाभोवती घोटाळतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो, आणि मी त्याला ताकास तूर लागू देत नाही. माझा स्वभाव असाच आहे. माझ्या नवऱ्याने तो पाहून, पारखून मगच माझ्याशी लग्न केलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

या खेपेला शोध माझ्या नवऱ्याचा होता.

शोध काय ते आधी सांगते, नाहीतर आमचं भांडण कळणार नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू म्हणजे एका सरळ रेषेत बसलेली तिघं. मधे कार्बन, दोन्ही हातांना एकेक ऑक्सिजन. फार घट्ट मंडळी, सहजासहजी सुटत नाहीत. पण नेमक्या वेगाचा इलेक्ट्रॉन सोडला तर तो या रेणूवर क्षणभर बसतो, आणि हा आगंतुक न सोसून रेणू फुटतो. एक ऑक्सिजन त्या इलेक्ट्रॉनला घेऊन एकीकडे पळतो, उरलेले दोघं कार्बन मोनॉक्साइड होऊन दुसरीकडे. वेग कमी असला तर इलेक्ट्रॉन नुसता आपटून निघून जातो, आणि वाढवला तरी तो असा बसत नाही. लोकांना वाटतं की जोरात मारलं की वस्तू तुटते. इथे जोर कामाचा नाही, वेग नेमका लागतो.

हे सगळं एका स्टीलच्या डब्यात चालतं. त्यातली हवा पंपांनी ओढून काढलेली असते; हे पंप सांभाळणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला सगळे पंपवाला म्हणतात. एका बाजूला तापलेली तार, तिच्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो. आम्ही त्याला बीम म्हणतो. समोरच्या बाजूला हा बीम गोळा करणारा धातूचा लहानसा पेला. मधे केसाएवढ्या सुईतून गॅस येतो. फुटून निघालेले ऑक्सिजन वरच्या पडद्यावर आदळतात, तिथे ठिपका चमकतो आणि कॅमेरा तो टिपतो. असे लाखो ठिपके साचले की चित्र तयार होतं, कोणत्या दिशेला किती ऑक्सिजन गेले त्याचं.

आता रेणूची दोन्ही टोकं सारखी आहेत. तेव्हा बीम जिकडून येतो तिकडे जेवढे ठिपके, तेवढेच तो जातो तिकडे दिसायला हवेत. नवऱ्याच्या चित्रात तसं नव्हतं. त्याचे ऑक्सिजन तारेकडे, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथून आला तिकडेच, जास्त जात होते. हे खरं असेल तर भल्याभल्यांना पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागणार होतं. आणि इतकी वर्षं कंत्राटावर लटकलेली त्याची नोकरी कायम होणार होती. पडलं, आणि सरांनी कंत्राट वाढवलं नाही, तर त्याला दुसऱ्या गावी मिळेल ते काम धरावं लागणार होतं. माझी नोकरी इथे, त्याची तिकडे, आणि संसार फोनवर.

सरांनी बैठकीत वैरी म्हणून माझं नाव घेतलं तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्या नवऱ्याकडे वळल्या. नवऱ्याने मान खाली घातली. सगळ्यांना त्याची कीव आली, मलाही आली. पण त्याहून जास्त अभिमान वाटला. सरांच्या मनात असणार की हिने सख्ख्या नवऱ्याचं चित्र टिकलं म्हटलं तर त्यावर बोट ठेवायची कोणाची छाती होणार नाही. मी असा अर्थ लावून मोकळी झाले आणि ताठ मानेने किल्ली मागायला गेले.

त्याने मला यंत्र दाखवलं. यातलं प्रत्येक बटण मला पाठ होतं, पण पद्धत म्हणजे पद्धत. हा व्हॉल्व आधी, हा नंतर, असं सांगत तो शेवटी म्हणाला की बीम लाव, मग तासभर यंत्र तापू दे, त्याआधीचं चित्र धरू नको. मी मान डोलावली. थोडं तापू तर सगळेच देतात, तार स्थिर व्हायला वेळ लागतो. किल्ली देताना त्याने "जपून" एवढंच म्हटलं.

घरी या विषयावर चकार शब्द काढायचा नाही हाही पद्धतीचाच भाग. तो विषय काढायचा नाही म्हटल्यावर आमच्याकडे बोलायला फारसं काही उरलेलं नाही, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. भाजी काय आणायची, नळ गळतोय, एवढ्यावर आम्ही दिवस काढू लागलो.

सासूबाई आमच्याकडेच असतात. वैरी म्हणजे काय ते नवऱ्याने त्यांना पूर्वी कधीतरी गमतीत सांगितलं होतं, ते आता अंगाशी आलं. म्हणजे तू दिवसभर तिथे त्याच्या वाईटावर बसतेस का, असं त्यांनी मला तोंडावर विचारलं. मी समजावलं की वाईटावर नाही हो आई, खरं-खोटं करायला बसते. त्यांनी नाक मुरडलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं आणि माझ्याबद्दल बोलणं सुरू केलं, तेही माझ्यासमोर, भांड्यांशी. काही बायका नवऱ्याला वर काढतात आणि काही खाली ओढतात, असं त्या पातेल्याला सांगायच्या. मीही काही कमी नव्हते. मी पातेल्यालाच उत्तर द्यायचे.

खोलीत मी चित्राला धारेवर धरलं. आधी गळती. डब्याला कुठे बारीक फट असली तर बाहेरची हवा आत येते आणि मग ठिपके भलत्याच कशाचे असू शकतात. एकेका सांध्यावर बाहेरून हीलियम फुंकून तो आत शिरतो का पाहिलं, डबा घट्ट निघाला. मग पृथ्वीचं चुंबकत्व. मंद इलेक्ट्रॉनाला तेवढंसुद्धा वाकवतं, म्हणून डब्याभोवती तांब्याच्या तारेची मोठी वेटोळी असतात, ती हे चुंबकत्व मारून टाकतात. मी त्यांतला प्रवाह कमी केला, वाढवला, उलटा फिरवला. बीम हलला, पण चित्राचा झुकाव जागचा हलला नाही. मग पडदा. एका बाजूने झिजला असेल म्हणून वरचं झाकण काढून तो अर्धा फेरा फिरवून बसवला. ठिपके पुन्हा तारेकडेच जास्त.

शेवटी कार्बन डायऑक्साइड बंद करून नुसता ऑक्सिजन सोडला. ऑक्सिजनचा रेणू फोडल्यावर चित्र दोन्ही बाजूंना सारखं येतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. ते सारखंच आलं. म्हणजे यंत्र सरळ होतं. नवऱ्याने ही तपासणी आधीच केली होती आणि बैठकीत छाती फुगवून दाखवली होती.

मला राग येत गेला. ते चित्र खोटं निघायला मला हवं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या घरात पाडापाडीच्या फुशारक्या मारायचा मान माझा होता, आणि आता हा एका चित्राच्या जोरावर माझ्या डोक्यावर बसणार होता. सासूबाई पातेल्यांना जन्मभर पुरेल एवढं सांगणार होत्या. मी आणखी काही दिवस खनपटीला बसले. गॅसचा दाब बदलला, तारेकडचं झाकण काढून सुई बदलली, तार बदलली. झुकाव आपला आहे तिथेच.

आणि मग राग विरला. कधी विरला ते कळलं नाही, पण एका दुपारी मी पडद्याकडे बघत बसले होते आणि मला ते चित्र आवडू लागलं. माझ्या नवऱ्याला काहीतरी दिसलं होतं जे कोणालाच दिसलं नव्हतं. तो इथेच राहणार होता. मी मनातल्या मनात "टिकलं" असं म्हणून बघितलं. जिभेला सवय नव्हती, पण शब्द वाईट नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले होते. नवरा शर्टाला इस्त्री करत होता, किंवा इस्त्री शर्टावर नुसती फिरवत होता, कारण ती अजून गारच होती. सुरकुत्या तशाच. सासूबाई दारातून त्याला म्हणाल्या की अरे, ती तापू तर दे जरा. मग मायेने कपाटाला सांगितलं की लहानपणापासून हा असाच, कशाची म्हणून वाट बघणार नाही, दूधसुद्धा कोमट पितो.

मी एका पायात चप्पल घालून उभी राहिले.

खरंच होतं ते. हा माणूस वाट बघत नाही. सिग्नल सुटायच्या आत गाडी पुढे काढतो. चित्रपटाचा शेवट मला आधी विचारून घेतो. लग्नाआधी आम्ही एकाच यंत्रावर काम करायचो तेव्हा आमची सगळी भांडणं यावरूनच व्हायची. हवेचा दाब अजून उतरत असायचा आणि हा चित्र घ्यायला लागलेला असायचा. बाकीचे लोक तार लावल्यावर एखादा चहा होईपर्यंत थांबतात. याला तेवढाही दम नव्हता. मग त्याने या एका यंत्रापुढे रोज तासभर हातावर हात धरून का बसावं?

चालत जाताना मी स्वतःला समजावत होते की माणूस सुधारतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, हा कशातच सुधारला नव्हता.

खोलीत शिरल्यावर मी बीम लावलाच नाही. दुपारपर्यंत यंत्राला तसंच पडू दिलं. मग बीम लावला आणि एक क्षणही न थांबता चित्र घ्यायला सुरुवात केली. जे धरू नको असं मला सांगितलं होतं नेमकं तेच धरलं. ठिपके जमू लागले. तारेकडे जेवढे, पेल्याकडे तेवढेच. चित्र सरळ होतं, आरशात बघावं इतकं सारखं. मी हलले नाही. बसून राहिले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते हळूहळू तारेकडे कलायला लागलं. तास भरला तेव्हा नवऱ्याचं चित्र तयार होतं. बीम बंद केला, पुन्हा वाट पाहिली, पुन्हा लावला. पुन्हा सरळ आणि मग पुन्हा तिरकं.

तेव्हा मी अख्खा डबा उघडला. पेल्याच्या कडेवर तपकिरी डाग होता, तव्यावर तेल जळून बसतं तसा. तेलच होतं ते. पंपातल्या तेलाची वाफ थोडी थोडी आत येते आणि बीमखाली भाजून कडक होते. असल्या थरातून वीज वाहत नाही. बीममधले काही इलेक्ट्रॉन पेल्यात न जाता कडेवर पडतात आणि तिथेच साचतात. साचले की ते इलेक्ट्रॉन घेऊन पळणाऱ्या ऑक्सिजनला मागे ढकलतात, म्हणजे तारेकडे. बीम बंद ठेवला की साचलेलं ओसरतं. ऑक्सिजन वायूच्या तपासणीत हे का दिसलं नाही तेही कळलं. त्यातले तुकडे सुसाट सुटतात आणि एवढ्याशा ढकलण्याला भीक घालत नाहीत. कार्बन डायऑक्साइडमधून निघणारे तुकडे मंद असतात, त्यांना कोणीही ढकलावं.

मी डागाचा फोटो घेतला, तो घासून काढला, डबा बंद केला, रात्रभर पंपांना हवा ओढू दिली आणि दुसऱ्या दिवशी तासभर बीम चालू ठेवून चित्र घेतलं. ते सरळच राहिलं. कार्बन डायऑक्साइड तारेकडे झुकत नसेलच असं मी म्हणत नाही, कोणी सांगावं. पण या चित्रातला झुकाव रेणूचा नव्हता. तेलाचा होता.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई पाय मोकळे करायला बाहेर गेल्या होत्या. नवरा स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. मी पद्धत मोडली.

"पेल्याच्या कडेला डाग आहे," मी म्हणाले.

कोणता पेला असं त्याने विचारलं नाही. सुरी खाली ठेवली आणि हात पुसले.

"उघडलंस?"

"हो. आणि पहिल्या तासाची चित्रं घेतली."

तो खुर्चीवर बसला आणि बोलायला लागला, आणि बोलला ते बहुतेक खरं होतं. सुरुवातीला त्याला वाटलं होतं की बीम अजून स्थिर झालेला नाही, म्हणून चित्र सरळ येतंय. आणखी थांबून पाहिलं तर ते कललं. आणखी थांबलं तर आणखी कललं. तो कल त्याला आवडला. मग त्याने तासाचा नेमच केला आणि त्याआधीचं बघणं सोडून दिलं. हे सगळं मान खाली घालून सांगत होता आणि मला त्याची दया येत होती.

"डबा उघडून आत का नाही बघितलंस?" मी विचारलं.

"बघितलं असतं तर दिसलं असतं."

मग तो मुद्द्यावर आला. पडलं म्हण, त्याला माझी ना नाही, असं म्हणाला. पण सर तो दुसरा प्रश्न विचारतील तेव्हा नाही म्हण. डाग मी डोळ्यांनी बघितलेला नाही, तेव्हा माहीत नव्हतं हे खोटं नाही. चुकीला सर कंत्राट वाढवून देतात. मी पुन्हा पहिल्यापासून करीन, नीट करीन, तू सांगशील तसं करीन. इथेच राहू आपण.

मी विचार केला. खरंच, डाग त्याने बघितला नव्हता. आणि हा माणूस इथून जावा असं मला वाटत नव्हतं. पातेल्यांना, गळक्या नळाला, या चिडक्या घराला मला एकटीने सामोरं जायचं नव्हतं. मी त्याच्याजवळ गेले. बरं म्हणणारच होते. जीभ उचलली होती.

पण त्याला तेवढाही धीर निघाला नाही.

"म्हणूनच तर मी तुझं नाव सुचवलं होतं," तो म्हणाला.

"कोणाला सुचवलं होतं?"

"सरांना. ते पंपवाल्याला नेमणार होते. मी म्हटलं, तिला नेमा, तिच्याइतकं कठोर कोणी नाही. सर खूश झाले." तो चक्क हसला, सुटल्यासारखा. "मला माहीत होतं, काही सापडलंच तर तू घर मोडणार नाहीस."

मी तिथेच उभी राहिले. बैठकीत खाली घातलेली त्याची मान मला आठवली. सगळ्यांना त्याची कीव आली होती. मला सरांनी निवडलं या आनंदात मी तरंगत होते, आणि मला निवडलं होतं ते याने, मी बोथट आहे या हिशेबाने. परके लोक माझ्या नावाने घाबरत होते आणि ज्याने मला सगळ्यांत जवळून पाहिलं त्याला माझी काडीचीही भीती वाटत नव्हती. इतका अपमान माझा कोणी केला नव्हता. तो रागावून, शिव्या देऊन केला असता तर चाललं असतं. याने तो विश्वासाने केला होता.

मी काही बोलले नाही. त्याने ते हो समजलं आणि उरलेला कांदा चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी बैठकीला सगळे जमले. लांब टेबल, एका टोकाला मोठे सर, त्यांच्या शेजारी पंपवाला. नवरा खिडकीजवळ बसला होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, "पडलं." मग कसं पडलं ते सांगितलं, चित्रं दाखवली, डागाचा फोटो दाखवला. पंपवाल्याने तेलाची गोष्ट निघताच आपल्यावर आलं असं समजून थोडी कुरकुर केली. सरांनी बरेच प्रश्न विचारले आणि माझी उत्तरं ऐकून मान हलवली.

"मालकाला माहीत होतं का?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न विचारायचा म्हणून विचारतात. त्याला कोणी हो म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, मी स्वतःही कधी म्हटलं नव्हतं. लोक खुर्च्या सरकवायला लागले होते. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो अगदी निवांत होता. पाय सैल सोडून बसला होता, जसा घरी बसतो तसा. तो थोडा जरी घाबरलेला दिसला असता तर कदाचित मी नाही म्हणाले असते.

"हो," मी म्हणाले.

खुर्च्या थांबल्या. सरांनी चष्मा काढला.

"कशावरून?"

मी तासाचं सांगितलं. पहिला तास सोडून द्यायला सांगितलं होतं, म्हणजे पहिल्या तासात काय दिसतं ते त्याला माहीत होतं. पंपवाला लगेच म्हणाला की यंत्र तापू देणं गुन्हा आहे का, जरा जास्त तापू दिलं तर काळजीच घेतली म्हणायची. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. सर म्हणाले की हा काही पुरावा झाला नाही. बरोबर होतं त्यांचं. टेबलावर ठेवून दाखवावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं.

"तुम्हा कोणासाठी पुरावा नाही हा," मी म्हणाले. "मी त्याच्याबरोबर राहते. हा माणूस इस्त्री तापेपर्यंत थांबत नाही, दूध तापेपर्यंत थांबत नाही. कारण असल्याशिवाय तो तासभर थांबणार नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. नवरा हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता. आता तो सावकाश उठला असता, मला माहीत नव्हतं एवढंच म्हणून खाली बसला असता, तर सगळ्यांनी त्याचंच खरं मानलं असतं. घरातलं भांडण बैठकीत आणलं म्हणून मलाच बोल लागला असता. पण तो तडकन उठला.

"सर, ही सूड उगवतेय. काल हिला कळलं की हिचं नाव मीच सुचवलं होतं, म्हणून हिला..."

तो तिथेच थांबला. फार उशीर झाला होता.

"सुचवलं होतंस खरं," सर म्हणाले. ते आठवून आठवून बोलत होते. "पण त्याचा हिला राग का यावा?"

शोधात लपवण्यासारखं काही नसेल तर बायकोलाच वैरी कशाला मागायचं, हे एकेकाच्या लक्षात येत गेलं. सरांनी पुन्हा विचारलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, उत्तर मीच द्यावं अशा नजरेने, आणि मी टेबलाकडे बघत राहिले. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि बैठक संपली असं सांगितलं.

त्याचं कंत्राट वाढवलं नाही. दुसऱ्या गावी एका कारखान्यात गॅसच्या टाक्या तपासायचं काम त्याला मिळालं, तेही बऱ्याच खटपटीने. सामान बांधेपर्यंत तो माझ्याशी नळाबद्दलसुद्धा बोलला नाही. मी "हो" म्हणाले त्यात खरं किती होतं आणि राग किती होता, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं. नीट उत्तर मिळालं नाही. दोन्ही होतं, आणि पुन्हा विचारलं तर मी पुन्हा हो म्हणेन, एवढं मला माहीत आहे.

सासूबाईही त्याच्याबरोबर निघाल्या. तो खाली गाडीत सामान ठेवत होता. त्या पिशवी घेऊन दारात थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं, पण त्यांची पातेली सगळी बांधलेली होती. तेव्हा त्या माझ्याशी बोलल्या.

"तू नाही म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

मला त्यांना डागाचं, तेलाचं, खऱ्या-खोट्याचं सांगता आलं असतं. बैठकीत सांगितलं होतं तसं.

"आई, मग मला त्याच्याबरोबर राहावं लागलं असतं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खालून नवऱ्याने हॉर्न वाजवला, आणि लगेच पुन्हा वाजवला. सासूबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि एकेक पायरी धरत खाली उतरल्या.